ओढ, प्रेम, वासना: सोसायटीत दाखवण्यासारखे चित्रपट सुचवा

इंटरव्हलचा_वडा
नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये महिन्यातून एकदा आम्ही सिनेमा बघतो. प्रोजेक्टर एकाचा, स्पीकर दुसऱ्याचे, वडे वर्गणीतून. प्रेक्षक विशीपासून पंच्याहत्तरीपर्यंत. या पावसाळ्यात चारही महिने एकच विषय धरायचा ठरलाय: माणसाला माणसाची लागणारी ओढ. नेहमीच्या लव्हस्टोऱ्या नकोत, त्या सगळ्यांच्या पाहून झाल्यात.

माझी तक्रार अशी, की आपल्या सिनेमात कुणाला कुणाबद्दल शरीरानं काही वाटलं रे वाटलं, की लेखक लगेच हिशेब चुकता करायला बसतो. एक फासावर, एक तुरुंगात, एक नदीत. नाहीतर दुसरं टोक: दोन फुलं एकमेकांवर आपटतात आणि पुढच्या रिळात बारसं. या दोन्हींच्या मधलं काही हवंय. ज्यात ओढ नुसती ओढ म्हणून बघता येते, तिला ना शिक्षा ना हार.

माझ्याकडून दोन नावं. 'चारुलता' (१९६४) आणि 'जैत रे जैत' (१९७७). 'चारुलता'ची पहिली काही मिनिटं तर मी कुणालाही धरून बसवून दाखवीन. मोठ्या घरात एकटी बाई. हातात दांडीची छोटी दुर्बीण. ती एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे धावते आणि झडपांच्या फटीतून रस्त्यावरचा माणूस न्याहाळते. तेवढ्यात नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून जातो. त्याचं लक्षच नाही. मग ती तीच दुर्बीण पाठमोऱ्या नवऱ्याकडे रोखते. एक वाक्य नाही, आणि संसाराची सगळी कुंडली मांडून झाली. दीर अमल अजून घरात आलेलासुद्धा नाही.

सुचवा. भाषा कुठलीही चालेल.

बिनसाखरेचा
रुमाल टाकून ठेवतो. वड्याबरोबर चटणी कुठली, ते आधी कळू दे.

जुना_प्रोजेक्टर
विषय पुण्यात निघालाय तर सुरुवात प्रभात फिल्म कंपनीपासून करा. 'माणूस', १९३९, व्ही. शांताराम. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारात त्या बदनाम गल्लीचा सेट उभा राहिला होता. गणपत हा साधा पोलीस, मैना ही त्या गल्लीतली. तेव्हा 'देवदास'ची हवा होती, प्रेमभंग झाला की बाटली जवळ करायची. शांतारामबापूंनी त्याला दिलेलं उत्तर म्हणजे 'माणूस'. शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात' सगळ्यांना पाठ असतं, पण मला आवडते ती त्यात केलेली बॉम्बे टॉकीज छापाच्या गोड प्रेमप्रसंगांची टिंगल. शूटिंग चाललंय, नायक-नायिका लाडिक आवाजात प्रेम करताहेत. तसलं काही गणपत आणि मैनाला साधणारच नाही. त्यांची ओढ अवघडलेली आणि लाजरी, त्यात अपराधीपणही मिसळलेला.

आता वडेबुवांच्या नियमानं बघितलं तर मैना तुरुंगात जाते, म्हणजे सिनेमा बाद! हा नियम मला मान्य नाही. 'पिंजरा' (१९७२) घ्या. तमाशाला गावाबाहेर काढायला निघालेला मास्तर नाचणारणीत गुंततो, इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ जर्मन 'ब्लू एंजल'मध्ये (१९३०) प्राध्यापक शेवटी विदूषक होतो आणि रंगमंचावर कोंबड्यासारखा आरवतो. तिथे पुतळा नाही. पुतळा आपल्याकडचा. गावाला वाटतं मास्तर मेले, म्हणून गाव चौथरा बांधून मोकळं होतं. आणि जिवंत मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा पत्करतो, पण तो पुतळा फुटू देत नाही. यात ओढीला शिक्षा झाली असं म्हणणं वरवरचं आहे. गावाला माणूस नको, पुतळा हवा, हे डॉ. लागूंच्या चेहऱ्यावर शेवटच्या भागात दिसतं. ते बघायला तरी लावा.

मध्यलय
'जैत रे जैत'ला माझं +१, आणि कारणासकट. मराठीत एखाद्या बाईनं पुरुष इतक्या उघडपणे पसंत केलेला दुसरा सिनेमा मला चटकन सुचत नाही. चिंधी लग्नाची आहे, नवरा नालायक आहे, आणि तिला नाग्या हवाय. ती कुढत बसत नाही. काडीमोड घ्यायचा तर पैसे मोजावे लागतात, तर ती मोजायची तयारी ठेवते. नाग्याचं चित्त लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीत गुंतलंय, तिचं त्याच्यात. दोघांना दोन वेगळे ध्यास आणि सिनेमा दोन्ही सारख्याच मोठेपणानं घेतो. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, स्मिता पाटील. 'नभ उतरू आलं' लागतं तेव्हा बाईच्या अंगाला पाऊस लागतोय की आणखी काही, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं नाव: 'अस्तित्व' (२०००). पुण्यातल्याच घरात घडतो. नवरा कामाच्या निमित्तानं सतत गावोगाव. बायको गाणं शिकते. पुढे काय होतं ते अंदाजानं कळेल, पण गंमत शेवटी आहे. पंचवीसेक वर्षांनी जुनी गोष्ट उघडी पडते, नवरा सगळ्यांसमोर तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो, आणि तब्बू जे बोलते त्यात माफी नाही. मला शरीर होतं आणि तू नव्हतास, इतकं सरळ. ती घर सोडते, पण घालवून दिलेल्या बाईसारखी नाही, तिचं बोलणं संपलंय म्हणून.

आणि 'कच्चा लिंबू' (२०१७), जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध'वरून. मतिमंद मुलगा वयात आलाय, त्याच्या शरीराला कळतं पण त्याला कळत नाही. आईबापाचा एकमेकांना स्पर्श व्हायचीसुद्धा सोय उरलेली नाही. नवराबायकोच्या ओढीवर आपल्याकडे सिनेमे का नाहीत, असं विचारणाऱ्यांनी हा पाहावा. फक्त वडे आधी खाऊन घ्या. नंतर घशाखाली उतरणार नाहीत.

बिनसाखरेचा
एवढं गंभीर नको. 'मुंबई पुणे मुंबई' (२०१०) लावा. मुलगी मुंबईहून स्थळाला नकार द्यायला येते आणि पुण्याचा मुलगा तिला दिवसभर शहर दाखवत हिंडतो. पुणेकर अनोळखी माणसाला पत्ता सोडून एवढा वेळ देतो ही अतिशयोक्ती माफ केली तर बाकी सगळं खरं वाटतं.

करमाळा_ते_कात्रज
धागा वाचला. चांगला आहे, पण वरच्या यादीतल्या बहुतेकांची ओढ माडीवरची आहे. ज्याला ओढ लागली तरी बोलायचीच मुभा नाही, त्याचं काय?

'फँड्री' (२०१३) घ्या. जब्याला शालू आवडते. काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली की ती आपली होईल, म्हणून पोरगा गलोल घेऊन रानोमाळ त्या चिमणीमागं फिरतो. अख्ख्या सिनेमात तो तिच्याशी धड बोलत नाही. शाळेजवळ डुकरं पकडायची वेळ येते आणि जब्या लपत राहतो, का, तर शालूनं बघू नये. हातात डुकराचा फास, गावाची पोरं हसतायत, आणि त्यात ती पण उभी. प्रेमावरचा याहून अंगावर येणारा प्रसंग मी पाहिलेला नाही. चुंबन नाही, मिठी नाही.

वडेभाऊ, शिक्षेचं म्हणाल तर 'सैराट'मध्ये (२०१६) शिक्षा लेखकानं दिलेली नाही, गावानं दिलीय. ती गाळून सिनेमा दाखवणार असाल तर तो खोटा होईल. तुमचा नियम शहरी आहे. गावाकडं रोज काय चालतं ते पेपरात येतं. आणि एक: 'सैराट' म्हटलं की लोकांना गाणी आठवतात नाहीतर शेवट. मधला हैदराबादचा भाग कुणी बोलतच नाही. झोपडपट्टीतली खोली, कामावरून थकून येणं, परश्याला आलेला संशय, भांडण, अर्चीचं निघून जायला स्टेशन गाठणं. बुलेट चालवणारी पोरगी पाटलाची होती तेव्हा चालवत होती. इथं तिला भात शिजवता येत नाही. पळून जाऊन लागलेली ओढ घर करून राहते का, याची परीक्षा तिथं आहे.

इंटरव्हलचा_वडा
@करमाळा, मुद्दा मान्य. पण फरक करायला हवा. गाव मारतं हे दाखवणं वेगळं, आणि लेखकानं गावाच्या बाजूनं उभं राहून मारणं वेगळं. मला दुसऱ्याचा कंटाळा आलाय. 'फँड्री' यादीत घेतला. 'सैराट' बहुतेकांनी पाहिलाय, तरी त्या हैदराबादच्या भागावर एक संध्याकाळ बोलायला हवं.

आजीबाईंचा_बटवा
पंच्याहत्तरीचे प्रेक्षक म्हणून वर जो उल्लेख आला, त्यातली मी. (याच सोसायटीतली नव्हे, पण पुण्यातलीच.) आम्हाला काय झेपेल हे परस्पर ठरवू नका. आम्ही 'पिंजरा' थिएटरात जाऊन पाहिलाय आणि परत पाहिलाय. लावण्यांना पुरुष शिट्ट्या मारत होते आणि बायका शेवटी पदर डोळ्याला लावत होत्या. रडण्याचं कारण मास्तर होता असं मला तेव्हाही वाटलं नाही.

'कुंकू' (१९३७) कुणालाच कसा आठवला नाही? प्रभातचाच. तरण्या नीराचं फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून देतात, आणि ती त्याला नवरा म्हणून जवळ येऊच देत नाही. शांता आपटे. नकार हीसुद्धा शरीराचीच भाषा आहे, आणि १९३७ साली बाईनं ती पडद्यावर मोठ्या आवाजात बोलून दाखवली. वड्याच्या हिशेबात सांगायचं तर इथे बाई वाचते आणि मरतो तो म्हातारा, तोही आपण होऊन, तिला मोकळं करण्यासाठी. केशवराव दात्यांनी त्या म्हाताऱ्याला खलनायक होऊ दिलेलं नाही, म्हणून तर सिनेमा टिकला.

शून्यप्रहर
परदेशी नावं अजून फार आली नाहीत, म्हणून.

'ब्रीफ एन्काउंटर' (१९४५, डेव्हिड लीन). ती संसारी, तो संसारी, दोघं दर गुरुवारी रेल्वे स्टेशनच्या चहाच्या टपरीवजा उपाहारगृहात भेटतात. सुरुवात कशी, तर तिच्या डोळ्यात इंजिनाची कुसळ जाते आणि तो डॉक्टर ती काढतो. निरोपाची शेवटची काही मिनिटं शिल्लक असतात आणि नेमकी तिची एक बडबडी ओळखीची बाई टेबलावर येऊन बसते. काही बोलताच येत नाही. तो उठतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो, किंचित दाबतो आणि गाडीला निघून जातो. बाई बोलतेच आहे. आपल्या सगळ्यांच्या ओळखीत अशी एक बाई असते, त्यामुळे हा प्रसंग लक्ष्मी रोडवर घडला असता तरी चालला असता.

'इन द मूड फॉर लव्ह' (२०००, वाँग कार-वाय). १९६२ चं हाँगकाँग, शेजारी शेजारी भाड्याच्या खोल्या. याची बायको आणि तिचा नवरा यांचं काहीतरी चाललंय हे दोघांना कळतं. मग हे दोघं काय करतात, तर त्या दोघांचं सुरू कसं झालं असेल याची तालीम करून बघतात. आपण त्यांच्यासारखं व्हायचं नाही असं ठरवून. तालीम करता करता काय होतं ते बघा. ती रात्री नूडल्सचा डबा घेऊन जिना उतरते, तो चढतो, अंगाला अंग लागत नाही. नुसत्या जिन्यावर एवढा ताण मी कुठे पाहिलेला नाही. टोनी लिअंगला फ्रान्सच्या कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते यासाठी. एकाच वाड्यात भाडेकरू म्हणून राहिलेल्यांना भिंतीपलीकडून येणारे आवाज, दारातून डोकावणारी घरमालकीण आणि पत्त्यांचा अड्डा हे सगळं परकं वाटणार नाही.

'द एज ऑफ इनोसन्स' (१९९३). स्कोर्सेसी म्हणजे गोळीबार असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी. बग्गीत बसून तो तिच्या हातमोज्याची बटणं सोडवतो. बस.

बिनसाखरेचा
शून्यप्रहर यांनी बटणांवर 'बस' म्हणून सोडलं. पुढचं सांगा की राव.

झेलम
एक वेगळा मुद्दा. 'पॅशन'चे सिनेमे म्हणून इंटरनेटवर ज्या याद्या फिरतात त्यात 'लास्ट टँगो इन पॅरिस' (१९७२) हमखास असतो. तो लावायच्या आधी थांबा. मारिया श्नायडर तेव्हा १९ वर्षांची होती. त्या बदनाम प्रसंगातली लोण्याची गोष्ट तिला आधी सांगितली नव्हती. तिचा अपमान अभिनय म्हणून नको, खरा हवा होता, असं दिग्दर्शक बेर्तोलुचीनं स्वतः पुढे सांगितलं. हे कळल्यावर मला तो सिनेमा सिनेमा म्हणून बघता येत नाही. 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'ला (२०१३) कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण चित्रीकरणात झालेल्या त्रासाबद्दल दोन्ही अभिनेत्री उघडपणे बोलल्या. पडद्यावरची ओढ कुणाला दाबून मिळवली असेल तर तो कसला 'धाडसी' सिनेमा.

त्याऐवजी 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर' (२०१९, सेलीन सियामा). अठराव्या शतकातला फ्रान्स. समुद्रकाठच्या घरात एका मुलीचं चित्र काढायला चित्रकार बाई येते. मुलगी पोझ द्यायला तयार नाही, कारण चित्र पसंत पडलं की लग्न ठरणार. म्हणून चित्रकार तिला फिरायला नेते, चोरून बघते, आणि आठवणीनं रंगवते. नंतर कळतं की मॉडेलही तितक्याच बारकाईनं चित्रकाराला बघत होती. कोण कुणाला बघतंय याचं पारडं सारखं होतं, तिथून खरी ओढ सुरू होते. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, त्यामुळे कोळशाची कांडी कापडावर घासल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. क्लब हाऊसचा पंखा बंद ठेवा.

मध्यलय
झेलम, अगदी. यात 'अलीगढ'ही (२०१५) धरा. प्रा. श्रीनिवास सिरस अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवायचे, कवी होते. ते एका पुरुषाबरोबर असताना घरात घुसून त्यांचं चित्रण केलं गेलं, नोकरीतून निलंबन झालं, ते कोर्टात गेले आणि जिंकलेही. सिनेमात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो प्रसंग साधाच आहे: रात्र, एकटा माणूस, हातात पेला, लताबाईंचं गाणं लागलेलं. मनोज बाजपेयी डोळे मिटून हाताची बोटं हलवतो आणि मधेच स्वतःशी गुणगुणतो. कोर्टकचेरीचा सिनेमा म्हणून लोक तो बाजूला ठेवतात. मला विचाराल तर तो एका एकट्या मराठी माणसाच्या ओढीचा सिनेमा आहे.

जुना_प्रोजेक्टर
पुन्हा येतो. 'सांगत्ये ऐका' (१९५९) आपल्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षं पुणेकर हंसा वाडकरांना बघायला जात होते. त्याच नावानं पुढे त्यांचं आत्मचरित्र आलं आणि त्यावरून बेनेगलांनी 'भूमिका' (१९७७) केला. पडद्यावरची बाई आणि ती रंगवणारी बाई यांत केवढं अंतर होतं ते या दोन सिनेमांत मिळून दिसतं. 'भूमिका'तली उषा एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते म्हणून तिला चंचल ठरवणारे होते आणि आहेत. तिला पुरुष हवेत हे खरं, पण त्याहून जास्त तिला स्वतःचं एक दार हवंय. अमरीश पुरीच्या वाड्यात तिला सगळं मिळतं, फक्त उंबरा ओलांडायची परवानगी नाही. 'जैत रे जैत'ही त्याच वर्षीचा. एका वर्षात स्मिता पाटीलनं या दोन बायका उभ्या केल्या.

आणि मणी कौलचा 'दुविधा' (१९७३). फिल्म इन्स्टिट्यूटचाच विद्यार्थी. विजयदान देथांची गोष्ट: वडाच्या झाडावरचं भूत नव्या नवरीवर भाळतं, नवरा पाच वर्षं व्यापाराला निघून जातो आणि भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. पण तिच्यापाशी खोटं बोलत नाही. ती सगळं जाणून त्याला घरात घेते. संथ आहे, फार संथ. अर्धी सोसायटी झोपेल. उरलेली अर्धी महिनाभर त्यावर बोलेल.

बिनसाखरेचा
झोपलेल्यांचे वडे मी घेतो.

करमाळा_ते_कात्रज
'अनाहत' (२००३) पाहिलाय का कुणी? अमोल पालेकरांचा. राजाला मूल होऊ शकत नाही, म्हणून दरबार राणीला नियोगासाठी एका रात्रीपुरता परपुरुष निवडायला लावतो. राणी नाराजीनं जाते. परत येते ती वेगळीच होऊन. अनंत नाग, सोनाली बेंद्रे, दीप्ती नवल. राजाची ती रात्र, वाट बघत काढलेली, अनंत नागनं काय केलीय.

आजीबाईंचा_बटवा
पाहिलाय. सकाळी राणी परतते आणि सगळ्या मंत्र्यांना वाटतं की कर्तव्य पार पडलं. ती त्यांना तोंडावर सांगते की कर्तव्य बाजूला ठेवा, मला रात्रीत काय मिळालं ते ऐका. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी मध्यंतरातच नवऱ्याला 'चला' म्हटलं होतं. नवरा उठला नाही.

इंटरव्हलचा_वडा
मंडळी, भरपूर झालं. क्रम असा लावतोय: जूनमध्ये 'चारुलता', कारण सगळे नवीन उत्साहात असतात आणि सबटायटल वाचायचा कंटाळा येत नाही. जुलैमध्ये 'जैत रे जैत', बाहेर पाऊस असेल. ऑगस्टमध्ये 'अनाहत', आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी 'कुंकू'. सप्टेंबरात 'इन द मूड फॉर लव्ह'. 'फँड्री' गणपतीच्या आधी वेगळा लावू, मुलांनाही बसवून. 'पिंजरा' माझ्या मनात अजून बसलेला नाही, पण जुना_प्रोजेक्टर स्वतः येऊन बोलणार असतील तर ऑक्टोबरात एक दिवस काढतो. 'दुविधा' त्यांच्याच घरी बघू.

नोटीस बोर्डावर काय लिहायचं यावर सेक्रेटरींशी बोलणं झालं. 'ओढ' हा शब्द त्यांना चालेल म्हणाले. 'वासना' लिहिलं तर गर्दी आवरणार नाही, पार्किंगचा प्रश्न आहे.

जुना_प्रोजेक्टर
येतो. पण 'पिंजरा'चा आवाज नीट लावा, राम कदमांची ढोलकी मोबाईलच्या स्पीकरवर ऐकवलीत तर उठून जाईन.

बिनसाखरेचा
चटणीचं अजून कुणी सांगितलं नाही.